थिबा राजाचं गाव आणि बिश्केकचं विमान

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात यंदा कोणी नीट दिली आहे त्यांनी मात्र वेळ काढून वाचावी.

गेल्या रविवारी पुतण्या घरी आला. हातात एक चकचकीत माहितीपत्रक. मुलीला नीटमध्ये मार्क बरे पडलेत, पण सरकारी सीट मिळेल एवढे नाहीत. आता आपल्या रत्नागिरीतही सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तरी सीटा मोजक्या आणि रांग केवढी ते तुम्हाला माहीत आहेच. खासगी कॉलेजचा आकडा ऐकून तो गप्पच झालाय. मग कोणीतरी एजंट भेटला. त्यानं हॉलमध्ये पालकांना बोलावून पडद्यावर बर्फाचे डोंगर दाखवले. देश किर्गिझस्तान, शहर बिश्केक.

"काका, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. हा देश कसा आहे हो? एजंट म्हणतो, एकदम शांत. राजकारण-बिजकारण काही नाही."

मी म्हटलं, "चहा घे. राजकारण नाही असा देश मला अजून सापडायचाय. आणि हा तर असा देश आहे की ज्यानं पंधरा वर्षांत तीन राष्ट्राध्यक्ष रस्त्यावर उतरून घालवले."

पुतण्याचा चहा तसाच राहिला. त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण असे पालक आपल्याकडे आता वाडीवाडीत आहेत.

सुरुवात आपल्या गावापासूनच करतो. थिबा पॅलेस आपण सगळ्यांनी बघितलाय. शाळेच्या सहलीला नेतात, पाहुणे आले की आपणही नेतो. पण हा ब्रह्मदेशाचा राजा इथे का आला, हे विचारलं तर बहुतेक जण "इंग्रजांनी आणला" म्हणून थांबतात. खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे.

थिबा १८७८ साली मंडालेच्या गादीवर आला. दुसऱ्याच वर्षी राजघराण्यातल्या कितीतरी माणसांची कत्तल झाली, गादीला कोणी दावेदार उरू नये म्हणून. दरबारात तट पडलेले, तिजोरी आटलेली. दक्षिणेकडचा अर्धा मुलूख इंग्रजांनी आधीच गिळलेला. अशा वेळी राजानं फ्रेंचांकडे हात पुढे केला. जानेवारी १८८५ मध्ये करारही झाला. हे इंग्रजांना झोंबलं. त्यातच सागवानाच्या जंगलांवरून एका इंग्रज कंपनीशी भांडण झालं, दरबारानं कंपनीला तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळालं. नोव्हेंबरमध्ये आगबोटी इरावतीतून वर गेल्या आणि महिना संपायच्या आत राजा कैदी झाला. फ्रेंच आले का मदतीला? नाही आले.

१८८६ च्या एप्रिलमध्ये राजा रत्नागिरीत उतरला. तेव्हा इथे ना रेल्वे, ना धड रस्ता. राजाला विसरायला लावायचं तर याहून चांगली जागा कुठली? आज जो पॅलेस आपण दाखवतो तो १९१० साली तयार झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. तीस वर्षं. मधल्या काळात आपल्या टिळक आळीत जन्मलेले लोकमान्य सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला नेऊन ठेवलंच होतं. साम्राज्यांची ही जुनी रीत. माणूस मारायचा नाही, त्याला त्याच्या मातीपासून तोडायचा.

टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला, आणि त्या संपाबद्दल तेव्हा परदेशात राहणाऱ्या एका रशियन माणसानं कौतुकानं लिहिलं. त्याचं नाव लेनिन. पुढे त्यानं जो देश उभा केला त्याची गुळगुळीत कागदाची रंगीत मासिकं आमच्या लहानपणी मराठीतही यायची. माझ्या पिढीनं त्या कागदाची कव्हरं वह्यांना घातली आहेत. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये तो देश बघून आले. शास्त्रीजी गेले ते ताश्कंदला, म्हणजे त्याच देशात. आमच्यासाठी ताश्कंद, कीव्ह, मिन्स्क सगळं 'रशिया'च होतं.

डिसेंबर १९९१ मध्ये तो देश संपला. ८ तारखेला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी तो मोडल्याच्या कागदावर सह्या केल्या, २५ तारखेला गोर्बाचेव्ह पायउतार झाले. एकाचे पंधरा देश झाले. त्यातल्या काहींनी स्वातंत्र्यासाठी झगडा केला होता, लिथुएनिया-लाटव्हिया-एस्टोनियासारखा. मध्य आशियातल्या पाचांना मात्र ते जवळजवळ दारात आणून ठेवलं गेलं. मार्च १९९१ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी प्रचंड बहुमतानं 'संघराज्य राहू दे' असं सांगितलं होतं. नऊ महिन्यांत ते स्वतंत्र झाले. तिजोरी मॉस्कोत, कारखान्याचा कच्चा माल दुसऱ्या देशात, सीमा नकाशावर आखलेल्या पण जमिनीवर कुंपण नाही. भावकीत वाटण्या होतात, पण विहीर आणि पायवाट सामाईक राहते आणि पुढे त्याच्यावरूनच कोर्टकचेऱ्या होतात. तसंच झालं. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान पाण्यावरून, रस्त्यावरून २०२१ आणि २०२२ मध्ये चक्क लढले. माणसं मेली, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. सीमेचा करार शेवटी मार्च २०२५ मध्ये झाला. चौतीस वर्षं लागली वाटणीचा कागद पुरा व्हायला.

आता किर्गिझस्तानच्या तीन राष्ट्राध्यक्षांची गोष्ट.

पहिले अस्कर अकायेव्ह. शास्त्रज्ञ माणूस. सुरुवातीला जगानं फार कौतुक केलं, मध्य आशियातलं स्वित्झर्लंड म्हणायचे. शेजारी देशांत जुने पार्टी सेक्रेटरीच राजे होऊन बसले होते, त्यात हा वेगळा. पण खुर्ची उबदार असते. कुटुंबाचा हात सगळीकडे दिसायला लागला, निवडणुकांत गडबडी झाल्या. मार्च २००५ मध्ये लोक सरकारी इमारतीत घुसले, अकायेव्ह देश सोडून गेले. कुठे? मॉस्कोला. तिथे विद्यापीठात प्राध्यापक झाले.

दुसरे कुर्मानबेक बाकीयेव्ह. लोकांनीच आणले. आणि इथे गोष्ट आपल्या थिबाच्या जवळ येते.

अफगाणिस्तानच्या युद्धासाठी अमेरिकेनं २००१ च्या अखेरीस बिश्केकच्या मानस विमानतळावर तळ उघडला होता. दोन वर्षांनी रशियानं जवळच कांत गावी आपला हवाई तळ सुरू केला. एका शहराच्या दोन बाजूंना दोन महासत्तांची विमानं! बाकीयेव्ह यांनी २००९ मध्ये मॉस्कोत जाऊन जाहीर केलं की अमेरिकन तळ बंद करतो. त्याच वेळी रशियानं दोन अब्ज डॉलरच्या मदतीचं पॅकेज कबूल केलं. पैसे यायला सुरुवात झाली आणि थोड्याच महिन्यांत यांनी अमेरिकेकडून भाडं सव्वासतरा कोटी... नाही, आकडा नीट सांगतो, वर्षाला १.७४ कोटी डॉलरवरून ६ कोटी डॉलर करून घेतलं, आणि 'तळ' या शब्दाऐवजी 'ट्रान्झिट सेंटर' अशी पाटी लावली. एकच घर दोघांना भाड्यानं दिलं आणि दोघांकडून डिपॉझिट घेतलं.

मॉस्को हे विसरलं नाही. १ एप्रिल २०१० पासून रशियानं किर्गिझस्तानला जाणाऱ्या इंधनावर निर्यातकर लावला. पेट्रोल भडकलं. रशियन टीव्ही, जो तिथे घरोघरी बघतात, बाकीयेव्ह कुटुंबाच्या भानगडी दाखवायला लागला. पण हे लक्षात घ्या, ठिणगी पडली तरी गवत आधीच वाळलेलं होतं. त्या हिवाळ्यात सरकारनं वीज आणि घर गरम ठेवायचे दर जवळजवळ दुप्पट केले होते. मुलाला मोठ्या पदावर बसवलं होतं. ७ एप्रिलला बिश्केकमध्ये गोळीबार झाला, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि सरकारही गेलं. बाकीयेव्ह कुठे गेले? बेलारूसला, मिन्स्कमध्ये. अजून तिकडचेच. किर्गिझ कोर्टानं त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली आहे.

तो उन्हाळा फार वाईट गेला. जूनमध्ये दक्षिणेत ओश शहरात किर्गिझ आणि उझबेक समाजात दंगल पेटली. चारशेहून जास्त मृत्यू, त्यात उझबेक अधिक. हंगामी अध्यक्षा रोझा ओतुनबायेवा यांनी रशियाला सैन्य पाठवायची विनंती केली. रशिया म्हणाला, हा तुमचा घरातला प्रश्न. हेच रशियाच्या गटाचं सैन्य जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या कझाकस्तानात मात्र एक-दोन दिवसांत उतरलं, कारण तिथे ओळखीचा सत्ताधारी वाचवायचा होता. मदत कोणाला आणि कधी मिळते, याचं गणित गरज बघून होत नाही. थिबाला हे फ्रेंचांनी शिकवलं होतं.

तिसरे सोरोनबाय जीनबेकोव्ह. ऑक्टोबर २०२० मध्ये संसदेच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि त्याच रात्री लोक पुन्हा सरकारी इमारतीत. त्या गोंधळात तुरुंगातून सोडवून आणलेला एक पुढारी दहा दिवसांत पंतप्रधान आणि मग हंगामी राष्ट्राध्यक्ष झाला. तोच आजचा सादीर जापारोव्ह. त्यानं जानेवारी २०२१ मध्ये निवडणूक जिंकली, राज्यघटना बदलून अध्यक्षाचे अधिकार वाढवले, कॅनडातल्या कंपनीकडची कुमतोर सोन्याची खाण ताब्यात घेतली. लोकांना हे आवडलं. त्याच बरोबर पत्रकारांवर खटले, वेबसाइटवर बंदी, परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर रशियाच्या धर्तीचा कायदा, हेही आलं. सध्या रस्ता शांत आहे. एजंट म्हणतो ती शांतता हीच. शांतता दोन प्रकारची असते. एक भांडण मिटल्याची, दुसरी तोंडावर हात ठेवल्याची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

एक गंमत सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत जापारोव्ह आणि त्या देशाचे सगळे माजी अध्यक्ष, पळून गेलेले, पदच्युत झालेले, तुरुंगातून नुकतेच सुटलेले, एका टेबलाला बसले. देशात मोठा वाद झाला, ज्यांची मुलं २०१० च्या गोळीबारात गेली त्या आयांनी विचारलं, हे कसं? आपला थिबा तीस वर्षांत एकदाही परत गेला नाही. त्याची राणी मात्र १९१९ मध्ये रंगूनला परतू शकली. आणि २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन इथे रत्नागिरीत येऊन राजाच्या कबरीपुढे वाकले. हद्दपार माणसाचा हिशेब पुढच्या पिढ्या वेगळ्या मांडतात.

पुतण्या इथे मध्येच म्हणाला, "काका, राजे-राष्ट्राध्यक्ष जाऊ देत. पोरीला काय त्याचं?"

प्रश्न बरोबर आहे. त्याचंच उत्तर आता.

पहिलं. आपल्या कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा' म्हणायचे. घरटी एक चाकरमानी मुंबईत, गिरणीत. १९८२ चा संप झाला तेव्हा लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या आणि चूल विझली ती खेड-गुहागर-राजापुरात. किर्गिझस्तान आज तसा आहे. लाखो किर्गिझ तरुण रशियात बांधकामावर, हॉटेलात, टॅक्सीवर आहेत. त्यांनी पाठवलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या पाव हिश्श्याच्या आसपास भरतो. २०२४ च्या मार्चमध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहावर दहशतवादी हल्ला झाला, आरोपी ताजिक निघाले. तेव्हापासून रशियात मध्य आशियाई मजुरांमागे पोलीस लागलेत, पुष्कळांना परत पाठवलं. अशा वेळी गावात परतलेला बेकार तरुण आणि शहरात फी भरून शिकणारा परदेशी विद्यार्थी समोरासमोर येतात.

दुसरं. मे २०२४. बिश्केकमध्ये काही स्थानिक आणि काही परदेशी यांच्यात मारामारी झाली. व्हिडिओ फिरला. १७ मेच्या रात्री जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर चालून गेला. मार बसला तो बहुतेक पाकिस्तानी आणि इतर दक्षिण आशियाई मुलांना, ज्यांचा त्या भांडणाशी संबंधही नव्हता. जमावाला पासपोर्ट वाचता येत नाही, सावळा रंग दिसतो. आपल्या दूतावासानं मुलांना बाहेर पडू नका म्हणून कळवलं. तेव्हा तिथे आपली चौदा हजारांहून जास्त मुलं असल्याचं बातम्यांत येत होतं, त्यात महाराष्ट्रातलीही. तो देश 'राजकारण नसलेला' होता तेव्हाही.

तिसरं, युक्रेन. २०२२ च्या फेब्रुवारीपूर्वी तिथलाही एजंट असंच सांगायचा. खरं तर खुणा आठ वर्षं दिसत होत्या. २०१४ मध्ये यानुकोविच यांना लोकांनी घालवलं (ते कुठे गेले? रशियात), पुढच्याच महिन्यात क्रिमिया गेला, पूर्वेला लढाई सुरूच होती. १९९४ मध्ये युक्रेननं अण्वस्त्रं दिली त्या बदल्यात सीमांचा आदर करण्याचं आश्वासन कागदावर मिळालं होतं. कागद उरला. आपली हजारो मुलं तळघरात बसली, थंडीत चालत सीमेवर गेली. कर्नाटकातला एक मुलगा खार्किवमध्ये गेला तो परत आलाच नाही. सरकारनं 'ऑपरेशन गंगा'मधून मुलं आणली, ते मोठंच काम झालं. पण आणल्यावर त्यांच्या अर्धवट डिग्रीचं काय, हा प्रश्न कितीतरी घरांत पुढे वर्षभर जेवणाच्या ताटावर होता.

२ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांत रशियाविरुद्धच्या ठरावावर मतदान झालं. १४१ बाजूनं, ५ विरुद्ध, ३५ तटस्थ. तटस्थांत भारत होता, किर्गिझस्तान आणि कझाकस्तानही. उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान मतदानालाच गेले नाहीत. जॉर्जिया आणि मोल्दोव्हानं ठरावाच्या बाजूनं हात वर केला. कोण कुठे बसलं यावरून कोणाचा मजूर कुठे राबतो, कोणाचा गॅस कुठून येतो आणि कोणाच्या अंगणात कोणाचं सैन्य आहे, हे बरंचसं कळतं. भारत मोठा देश आहे, त्याला तटस्थ राहणं परवडतं. सत्तर लाख वस्तीच्या देशाला तटस्थ राहायचं तर रोज कसरत करावी लागते. एका बाजूला रशियाचा तळ, दुसऱ्या बाजूला चीनचं कर्ज आणि चीनमधून येणारी नवी रेल्वे, तिसरीकडे पाश्चात्त्यांचे निर्बंध.

म्हणून मी थिबा राजापासून सुरुवात केली. थिबाची चूक फ्रेंचांशी बोलण्यात नव्हती. लहान राज्यानं दोघांशी बोललंच पाहिजे. त्याची चूक ही की घरात पाया नसताना तो बाहेरच्याच्या भरवशावर उभा राहिला. बाकीयेव्ह यांचंही तेच. ज्याला स्वतःच्या लोकांची भीती वाटते त्याचं परराष्ट्र धोरण म्हणजे पळून जायची वाट आधीच शोधून ठेवणं. फरकही आहे, तो विसरू नये. थिबाला परक्या सैन्यानं उचललं, लोक रस्त्याकडेला उभे राहून रडले. बाकीयेव्ह यांना त्यांच्याच लोकांनी घालवलं. त्या लोकांना मी वेडे म्हणणार नाही. आजूबाजूच्या देशांत तीस तीस वर्षं एकच माणूस खुर्चीत बसला, तिथे किर्गिझ लोकांनी निदान विचारलं तरी.

मग पोरीला पाठवू नकोस म्हटलं का मी? नाही म्हटलं. आपली मुलं तिथून शिकून आलीत, इथे परीक्षा पास होऊन दवाखाने चालवतायत. नको म्हणायला मला कोणी अधिकार दिलेला नाही आणि खासगी कॉलेजची फीही मी भरणार नाही.

एवढंच म्हटलं की एजंटला बर्फाचे डोंगर विचारू नकोस, हे विचार. कोर्स पूर्ण ५४ महिन्यांचा आणि त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच आहे का? कारण २०२१ च्या नियमांप्रमाणे ते लागतं. शिकवणं खरंच इंग्रजीत आहे का, आणि पेशंटशी बोलायला किर्गिझ-रशियन कोण शिकवतं? त्या कॉलेजची किती मुलं इथली परीक्षा पास झाली? कारण परदेशातून आलेल्यांचा एकूण निकाल बहुतेक वेळा वीस-तीस टक्क्यांच्या घरातच असतो. २०२४ च्या मेमध्ये त्या हॉस्टेलवर काय झालं, आणि त्या रात्री वॉर्डन कुठे होता? गेल्यावर दूतावासात नाव नोंदवणार कोण, एजंट की पोरगी स्वतः? आणि देश बंद पडला तर फीचे पैसे कोणाकडे मागायचे?

पुतण्यानं हे सगळं माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. नात इतका वेळ मोबाइल बघत होती असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "आजोबा, मी नकाशा बघतेय. बिश्केकहून बाहेर पडायचं झालं तर कझाकस्तानची सीमा अगदी जवळ आहे. अल्माटीहून विमान मिळेल ना?"

मी म्हटलं, "मिळेल. आणि हा प्रश्न तुला सुचला म्हणजे निम्मी काळजी मिटली माझी."

निर्णय अजून झालेला नाही. पुढच्या आठवड्यात एजंटकडे तिघं मिळून जाणार आहोत.

ज्यांची मुलं बिश्केक, ओश, अल्माटी, तिबिलिसी किंवा ताश्कंदला शिकतायत किंवा शिकून आलीत त्यांनी खाली आपला अनुभव जरूर लिहा, चांगला असो वा वाईट. कॉलेजचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल. वरच्या प्रश्नांची उत्तरं तेवढी द्या, दुसऱ्या कोणाच्या तरी लेकीला उपयोगी पडतील.